धडधड, खोकला आणि डॉक्टर चेखव



एरवी आपण इथे मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, पावसाळ्यातले ताप अशा विषयांवर बोलतो. आजचा विषय वेगळा आहे. एक रशियन कथाकार-नाटककार आणि त्याने इंग्रजी साहित्याला लावलेले वळण. "डॉक्टर, हे तुमचं क्षेत्र आहे का?" असे तुम्ही विचाराल. पण हा लेखक पेशाने डॉक्टर होता, आणि त्याच्याकडून इंग्रजी लेखक जे शिकले ते तुमच्या-माझ्या ओपीडीत रोज उपयोगी पडणारे आहे. म्हणून थोडा वेळ द्या.

कोण होता हा डॉक्टर?

अंतोन चेखव. जन्म २९ जानेवारी १८६०, रशियातल्या अझोव समुद्राकाठच्या तागानरोग या बंदराच्या गावी. आजोबा भूदास होते, म्हणजे जमीनदाराच्या मालकीचे. वडिलांचे किराणा दुकान होते, ते बुडाले आणि देणेकऱ्यांना चुकवून ते मॉस्कोला निघून गेले. अंतोन १८७९ मध्ये मॉस्को विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणाला लागला. घरखर्च चालवायला तो विनोदी साप्ताहिकांत छोटे छोटे मजकूर लिहू लागला. १८८४ मध्ये तो डॉक्टर झाला आणि १९०४ मध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी, गेला. मधल्या काळात शेकडो कथा आणि 'सीगल', 'अंकल वान्या', 'थ्री सिस्टर्स', 'चेरी ऑर्चर्ड' ही चार मोठी नाटके लिहून झाली होती. या चारपैकी तीन नाटकांत एक डॉक्टर आहे.

वैद्यकी ही आपली लग्नाची बायको आणि साहित्य ही प्रेयसी, अशी थट्टा तो करायचा. पण लग्नाच्या बायकोशी तो प्रामाणिक होता. १८९० मध्ये तो हजारो किलोमीटरचा खडतर प्रवास करून साखालिन बेटावर गेला. तिथे काळ्या पाण्याच्या शिक्षेवर पाठवलेले कैदी राहत. घरोघर फिरून त्याने हजारो माणसांची एकेक माहितीपत्रिका स्वतः भरली. १८९२ मध्ये कॉलऱ्याची साथ आली तेव्हा मेलिखोवो या गावी राहून २५ खेड्यांची जबाबदारी त्याने मोबदला न घेता उचलली.

उत्तरायुष्यात लिहिलेल्या एका छोट्या आत्मपरिचयात त्याने म्हटले आहे की वैद्यकीच्या अभ्यासाने आपल्या लेखनावर मोठा परिणाम केला आणि आपले निरीक्षणाचे क्षेत्र विस्तारले. हा परिणाम म्हणजे नेमके काय, ते एका कथेतून पाहू.

रिपोर्ट नॉर्मल, तरी धडधड

१८९८ मधली ही कथा इंग्रजीत 'अ डॉक्टर्स व्हिजिट' या नावाने ओळखली जाते. मॉस्कोबाहेरच्या एका कारखान्याच्या मालकिणीची वीस वर्षांची मुलगी लिझा आजारी आहे. छातीत धडधड होते, रात्री झोप येत नाही. प्रोफेसरांना तार येते, ते आपल्या हाताखालच्या डॉक्टर कोरोल्योवला पाठवतात. तो तपासतो. हृदय ठीक आहे. नसा थोड्या थकल्या असाव्यात, बाकी काही नाही. तो निघणार, तेवढ्यात आई विनवते की आजची रात्र थांबा.

तो थांबतो. रात्री कारखान्याच्या आवारात फिरतो. पहारेकरी दर तासाला लोखंडी पत्रा बडवतात, तो कर्कश आवाज ऐकतो. शेकडो कामगार राबतात, मायलेकी दोघीही दुःखी, आणि या सगळ्याचे सुख भोगते आहे फक्त घरातली गव्हर्नेस, हे त्याच्या लक्षात येते. मग त्याला लिझा जागी असल्याची चाहूल लागते. तो तिच्याजवळ जाऊन बसतो, नाडी पाहतो आणि बोलू देतो. ती सांगते की मला आजार आहे असे मला वाटत नाही, मला भीती वाटते. डॉक्टरपेक्षा एखाद्या जवळच्या माणसाशी बोलावेसे वाटते. कोरोल्योवच्या मनात येते की हिने हा कारखाना आणि हे लाखो रुबल सोडून निघून जायला हवे. तो तिला हे आडवळणाने सुचवतो आणि तुमची झोप उडते हे चांगले लक्षण आहे म्हणतो. सकाळी ती पांढरा पोशाख घालून, केसांत फूल माळून निरोप द्यायला येते. त्याची गाडी निघते. कथा संपली.

ती बरी झाली का? कारखाना सोडला का? चेखव सांगत नाही. ओपीडीतून बाहेर पडलेल्या किती पेशंटचे पुढे काय झाले ते आम्हालाही कळत नाही.

मी ही कथा एमडी करत असताना, रात्रपाळीच्या मधल्या वेळात इंग्रजीतून वाचली. तोवर 'एनएडी' ही अक्षरे केस पेपरवर रोज लिहीत होतो. 'नो अॅब्नॉर्मॅलिटी डिटेक्टेड', म्हणजे दोष आढळला नाही. कोरोल्योवनेही तेच निदान केले होते. फरक एवढाच की दोष न आढळल्यावरही तो तिच्याजवळ बसला होता. तेव्हापासून तपासणी संपली की मी एक प्रश्न विचारतो: "आणखी काही सांगायचं राहिलंय का?" बऱ्याच वेळा "नाही" असेच उत्तर येते. पण कधीकधी पेशंट अर्धवट उठलेला पुन्हा खुर्चीत बसतो.

इथे एक सूचना हवीच. धडधड म्हणजे मनाचाच खेळ, असे समजू नका. आधी नाडी, रक्तदाब, ईसीजी, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड पाहायला हवे. धडधडीबरोबर चक्कर येऊन शुद्ध हरपली, छातीत दुखले, धाप लागली, किंवा घरात कोणी तरुण वयात अचानक गेले असेल, तर वेळ न घालवता हॉस्पिटल गाठा. हे सगळे तपासून झाल्यावर मग झोप, चहा-कॉफी, घरातले ताण यांच्याकडे वळायचे. कोरोल्योवनेही आधी हृदयच तपासले होते.

इंग्रजांना आधी हे झेपले नाही

चेखव इंग्रजीत आला तेव्हा तिथल्या वाचकाला वेगळ्या गोष्टींची सवय होती. गोष्टीला नीट कथानक हवे, शेवटी लग्न व्हावे किंवा मृत्यू, दुष्टाला शिक्षा मिळावी, सगळे दुवे जुळावेत. १९०९ मध्ये ग्लासगोला 'सीगल' इंग्रजीत रंगमंचावर आले. १९११ मध्ये लंडनला स्टेज सोसायटीने 'चेरी ऑर्चर्ड' केले तेव्हा प्रेक्षकांतले बरेच जण मधेच उठून गेले. लोक येतात, चहा पितात, असंबद्ध बोलतात, बाग विकली जाते, आणि रडावे की हसावे ते कोणी सांगत नाही.

चित्र बदलले ते एका बाईच्या चिकाटीने. कॉन्स्टन्स गार्नेट या अनुवादिकेने १९१६ ते १९२२ या काळात चेखवच्या कथांचे १३ खंड इंग्रजीत आणले. यातली निम्मी वर्षे पहिल्या महायुद्धाची. प्रत्येक गोष्टीला नीटनेटका शेवट असतो यावरचा लोकांचा विश्वास त्या युद्धाने उडवला होता. मला वाटते, चेखव त्यांना तेव्हा कळू लागला याचे हेही एक कारण असावे. १९२५-२६ मध्ये लंडनमध्ये त्याच्या नाटकांचे एकामागून एक प्रयोग झाले आणि या वेळी लोक बसून राहिले. जॉन गिलगुड हा पुढे मोठा झालेला नट तेव्हा विशीत होता, त्यातल्या काही प्रयोगांत तो होता.

व्हर्जिनिया वुल्फने १९२५ च्या 'द कॉमन रीडर' या संग्रहात रशियन लेखकांवर एक निबंध लिहिला. चेखवची कथा पहिल्यांदा वाचली की वाचक गोंधळतो, हा शेवट कसा काय असे विचारतो, असे ती सांगते. सूर ओळखीचा नसला की गाणे संपले हेही कळत नाही, तसेच हे आहे. कान तयार व्हावा लागतो. बर्नार्ड शॉने 'हार्टब्रेक हाउस' हे नाटक लिहिले आणि ते रशियन धाटणीवर पण इंग्रजी विषयांवर रचले आहे, असे उपशीर्षकातच कबूल केले.

टांगेवाला आणि मोलकरीण

प्रभाव म्हणजे नक्की काय, हे पाहायला दोन कथा शेजारी ठेवू.

पहिली चेखवची, १८८६ मधली. इंग्रजीत तिचे नाव 'मिझरी'. पीटर्सबर्गमध्ये बर्फ पडते आहे. इओना हा म्हातारा गाडीवान बर्फावरून घसरत जाणारी घोडागाडी हाकतो. त्याचा तरुण मुलगा याच आठवड्यात गेला आहे. तापच असावा, तीन दिवस हॉस्पिटलमध्ये होता आणि गेला. इओना एका लष्करी अधिकाऱ्याला सांगू पाहतो, तीन टवाळ तरुणांना सांगू पाहतो, एका दरवानाला, मग एका तरुण गाडीवानाला. कोणाला ऐकायला वेळ नाही. मुलगा कसा आजारी पडला, त्याला काय त्रास झाला, जाण्याआधी तो काय बोलला, हॉस्पिटलमधून त्याचे कपडे कसे आणले, हे सारे त्याला क्रमाने सांगायचे आहे. शेवटी तो तबेल्यात जातो आणि आपल्या घोडीला सांगतो.

आम्ही डॉक्टर ज्याला 'हिस्टरी घेणे' म्हणतो, त्याचा हा क्रम आहे, हे तुमच्या लक्षात आले का? कधी सुरू झाले, मग काय झाले, मग काय झाले. इओनाला औषध नको आहे. त्याला आपली हिस्टरी घेणारा कोणीतरी हवा आहे.

दुसरी कथा १९२१ ची, 'लाइफ ऑफ मा पार्कर'. लेखिका कॅथरीन मॅन्सफील्ड, जन्माने न्यूझीलंडची, लंडनमध्ये राहणारी. मा पार्कर ही लंडनमधली म्हातारी मोलकरीण. तिने १३ मुलांना जन्म दिला आणि ७ पुरली. नवरा भट्टीवाला होता, तो क्षयाने गेला. पिठाने फुप्फुसे भरली, असे डॉक्टरने सांगितले होते. आणि कालच तिने आपल्या लाडक्या नातवाला मातीआड केले आहे. आज ती नेहमीप्रमाणे एका लेखक गृहस्थाकडे कामाला येते. तो दोन शब्द बोलतो, पण त्याला जास्त काळजी आहे ती डब्यातला चमचाभर कोको कुठे गेला याची. तिला आयुष्यात एकदाच मोकळेपणी रडायचे आहे. घरी रडली तर लेक घाबरेल, रस्त्यावर रडली तर पोलीस हटकेल. ती रस्त्यावर उभी राहते आणि पाऊस सुरू होतो.

नक्कल म्हणाल तर नाही. गाव वेगळे, माणूस वेगळे, आयुष्यही वेगळे. पण दुःख ऐकणारा कोणी नाही हे सांगण्याची रीत तीच आहे. लेखिका उसासे टाकत नाही, त्या कोकोवाल्या गृहस्थाला दोषही देत नाही. चेखवने १८८८ मध्ये एका पत्रात लिहिले होते की प्रश्न सोडवणे आणि प्रश्न बरोबर मांडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि लेखकाचे कर्तव्य फक्त दुसरे. १९१९ मध्ये मॅन्सफील्डने व्हर्जिनिया वुल्फला पत्र लिहिताना हाच विचार पुढे केला. त्याच वर्षी ती एका रशियन मित्राबरोबर चेखवची पत्रे इंग्रजीत आणत होती.

माझ्याकडे एक आजोबा दर महिन्याला रक्तदाब मोजायला यायचे. तो बहुतेक वेळा ठीकच असायचा. पट्टा दंडाला बांधून हवा भरेपर्यंत ते गेलेल्या मुलाबद्दल एखादे वाक्य बोलायचे. पुढच्या महिन्यात त्याच्या पुढचे वाक्य. मी पट्टा जरा सावकाश सोडत असे. त्यामुळे त्यांचा रक्तदाब सुधारला असे मी म्हणणार नाही, तो आधीही चांगलाच होता. पण महिन्यातून एकदा ते बोलत होते, एवढे खरे.

लेखक आणि लेखिका, दोघांचा आजार एकच

चेखव आणि मॅन्सफील्ड यांची कधी भेट झाली नाही. तो गेला तेव्हा ती १५ वर्षांची होती. पण दोघांना क्षयच झाला.

चेखवला पहिल्यांदा खोकल्यातून रक्त पडले ते डिसेंबर १८८४ मध्ये, डॉक्टर झाल्याच्याच वर्षी. रॉबर्ट कॉखने क्षयाचे जंतू १८८२ मध्ये दाखवून दिले होते. म्हणजे या तरुण डॉक्टरला आजार काय असतो हे माहीत होते. १८८९ मध्ये त्याचा भाऊ निकोलाय क्षयानेच गेला. तरीही हा आपला क्षय नव्हे, असे तो पत्रांतून लिहीत राहिला आणि छाती कोणाकडून तपासून घेतली नाही. मार्च १८९७ मध्ये मॉस्कोच्या एका हॉटेलात जेवायला बसलेला असताना तोंडातून रक्ताचा लोट आला, तेव्हा हॉस्पिटलमध्ये भरती व्हावे लागले. मधे १२ वर्षांहून जास्त काळ गेला होता. साखालिनच्या हजारो कैद्यांची माहिती टिपणाऱ्या या माणसाने स्वतःची हिस्टरी मात्र कोणाला घेऊ दिली नाही.

मॅन्सफील्डचे निदान १९१७ च्या अखेरीस झाले. सॅनेटोरियममध्ये राहायला तिने नकार दिला. पॅरिसमध्ये एका डॉक्टरकडे प्लीहेवर क्ष-किरणांचे उपचार घेऊन पाहिले. ९ जानेवारी १९२३ रोजी फ्रान्समध्ये, वयाच्या ३४ व्या वर्षी ती गेली. क्षयावरचे पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, यायला अजून वीस वर्षे होती.

त्या दोघांनी वेळेवर दाखवले असते तरी औषध नव्हते, हेही लक्षात घ्यायला हवे. आज तशी सबब नाही. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, घटणारे वजन, रात्री येणारा घाम, थुंकीतून रक्त यांपैकी काही असेल तर थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे करा. सरकारी केंद्रांत तपासणी आणि औषधे मोफत आहेत. साध्या, औषधांना दाद देणाऱ्या क्षयाचा नेहमीचा कोर्स सहा महिन्यांचा असतो. दोन महिन्यांत बरे वाटले म्हणून औषध सोडू नका, नाहीतर जंतू औषधांना दाद देईनासे होतात.

एका बुचाची गोष्ट

१९०४ च्या उन्हाळ्यात चेखव जर्मनीतल्या बाडेनवायलर या गावी पत्नी ओल्गासोबत उपचारांसाठी होता. शेवटच्या रात्री डॉक्टरांना बोलावले. आता करण्यासारखे काही उरले नाही हे पाहून डॉक्टरांनी शॅम्पेन मागवली. चेखवने पेला रिकामा केला, कुशीवर वळला आणि थोड्या वेळात गेला.

या रात्रीवर अमेरिकन कथाकार रेमंड कार्व्हरने १९८७ मध्ये 'एरंड' ही कथा लिहिली. तिचा शेवट चेखवपाशी होतच नाही. हॉटेलातला पोऱ्या सकाळी खोलीत येतो. ओल्गा त्याला अंत्यविधी करणाऱ्याला बोलावून आणायला सांगते आहे. पण त्याचे लक्ष जमिनीवर पडलेल्या शॅम्पेनच्या बुचाकडे आहे. तो वाकून ते उचलतो. मोठ्या घटनेच्या शेजारी पडलेली छोटी वस्तू पाहायची, ही चेखवचीच नजर. ही कथा छापून आल्यानंतर काही महिन्यांतच कार्व्हरला फुप्फुसाचा कर्करोग असल्याचे कळले. १९८८ मध्ये ५० व्या वर्षी तो गेला.

कॅनडाच्या अॅलिस मन्रोला २०१३ मध्ये नोबेल मिळाले, तिचीही तुलना नेहमी चेखवशी होत आली. आज इंग्रजीत कथा थोडक्यात, साध्या प्रसंगावर, शेवट उघडा ठेवून लिहिली जाते तेव्हा कोणाला नवल वाटत नाही. लोक नाटक सोडून उठून जात होते, तिथपासून हा बदल झाला. केस पेपर लिहिणाऱ्या माणसाची शिस्त त्यामागे आहे, असे मला वाटते. जे दिसले ते लिहा, पेशंटला दोष देऊ नका, माहीत नाही ते माहीत असल्यासारखे दाखवू नका.

तुमच्यासाठी चार गोष्टी

१. डॉक्टरकडे जाताना आपली हिस्टरी मनात क्रमाने लावून जा. केव्हा सुरू झाले, मग काय झाले, सध्या काय होते. लिहून आणले तर उत्तमच.

२. जे सांगायला संकोच वाटतो ते शेवटी दाराशी उभे राहून नका सांगू, सुरुवातीला सांगा. १९८४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डॉक्टर पेशंटचे बोलणे सरासरी १८ सेकंदांत तोडतात असे आढळले होते. तेव्हा तुमचे डॉक्टर मधेच बोलले तर "माझं अजून थोडं राहिलंय," असे न संकोचता म्हणा.

३. घरात कोणी गेले असेल तर उरलेल्या माणसाला एकदा तरी सगळे सांगू द्या. उपदेश करू नका, "आता विसरा" म्हणू नका. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, कामातले लक्ष उडाले असेल तर डॉक्टरांना दाखवा. जगणे नकोसे वाटते असे कोणी बोलले तर मात्र एक दिवसही थांबू नका. टेली-मानस ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४१६.

४. आणि जमल्यास 'मिझरी' वाचा. काही पानांचीच कथा आहे, अर्ध्या तासाच्या आत होईल. दवाखान्यात नंबर यायला साधारण तेवढाच वेळ लागतो.

काळजी घ्या. खोकला अंगावर काढू नका.